बोटावर ९९, तरी श्वास पुरेना

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या प्रश्नांमध्ये श्वासाचे प्रश्न एवढे झाले की या वेळी गुडघे, थायरॉइड आणि केस गळणं बाजूला ठेवलंय, त्यांना पुढच्या अंकात उत्तरं देतो. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी बारावीला आहे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री अचानक तिला श्वास पुरेना झाला, धापा टाकायला लागली, ओठांभोवती मुंग्या आल्या आणि मग दोन्ही हातांची बोटं आत वळून ताठ झाली ती उघडताच येईनात, "आई मी मरते" म्हणून रडायला लागली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, तिथे बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९९, ईसीजीपण नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाही, टेन्शन आहे, घरी न्या. सासूबाई म्हणतात नाटक करते. शेजारच्या काकी म्हणतात पुढच्या वेळी पिशवी तोंडाला लावून श्वास घ्यायला सांगा. ऑक्सिजन ९९ असताना श्वास पुरत नाही असं कसं होईल? आणि बोटं वाकडी झाली ती पण टेन्शनने? (एक आई, म्हापसा)

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा की हे नाटक नाही, बोटं तशी वळवून ताठ ठेवून दाखवा म्हटलं तर कुणालाही फार वेळ जमणार नाही. आणि "काही नाही, टेन्शन आहे" हे उत्तर मला स्वतःला अजिबात आवडत नाही, म्हणजे निदान बहुतेक बरोबरच असेल, पण घरचे एवढे घाबरलेले असताना नेमकं काय झालं ते दोन मिनिटं बसून सांगायला काय हरकत होती? असो, ते काम आता मी करतो.

तिचा ऑक्सिजन कमी झालाच नव्हता. कमी झाला होता कार्बन डायऑक्साइड. वॉर्डात आम्ही त्याला सीओटूच म्हणतो, इथेही तेच लिहितो, दर वेळी पूर्ण नाव लिहायचा कंटाळा येतो.

शाळेपासून आपल्या डोक्यात बसलंय की ऑक्सिजन चांगला आणि सीओटू म्हणजे कचरा, जितका बाहेर जाईल तितकं बरं. शरीर असं मानत नाही. आपण नुसते बसून असलो तरी शरीरात मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर सीओटू तयार होत असतो, तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो, पण सगळा नाही पडत, रक्तात त्याचा एक ठरलेला साठा कायम राहतो, धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, ३५ ते ४५ च्या मध्ये. हा आकडा शरीर फार जपतं, कारण सीओटू पाण्यात विरघळला की त्याचं आम्ल होतं, तो वाढला की रक्त आम्लाकडे झुकतं आणि घटला की उलट्या बाजूला, आणि रक्ताचा पीएच तर ७.३५ ते ७.४५ एवढ्यातच राहायला हवा. मेंदूच्या अगदी खालच्या भागात काही पेशी आहेत त्या सतत हेच मोजत बसतात. म्हणजे श्वास किती वेगाने आणि किती खोल घ्यायचा हे रोजच्या आयुष्यात ऑक्सिजनवरून ठरतच नाही, सीओटूवरून ठरतं. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोघा शास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच हे दाखवून दिलं होतं. ऑक्सिजन मोजणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, मानेतल्या धमनीजवळ, त्यांच्यावरच्या कामाबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं, पण त्या पेशी ऑक्सिजन बराच खाली गेल्याशिवाय फारशा बोलत नाहीत.

आता मुलीकडे येऊ. भीती वाटली की श्वास वाढतो, ते नैसर्गिक आहे. पण ती खुर्चीत बसून होती, शरीर सीओटू नेहमीएवढाच बनवत होतं आणि फुप्फुसं मात्र दुप्पट-तिप्पट हवा फिरवत होती. बनणं तेवढंच आणि बाहेर टाकणं दुप्पट झालं तर रक्तातला सीओटू निम्म्याकडे यायला लागतो, असा हा साधा हिशोब, आणि तो यायला तास लागत नाहीत, दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घेतला तरी ४० चा आकडा २५ च्या आसपास येऊ शकतो. जिना चढताना आपल्याला धाप लागते तेव्हा असं होत नाही कारण पायांचे स्नायूही तेवढाच जादा सीओटू बनवत असतात. चतुर्थीला बायका एवढी फुगडी घालतात, गरगरतं ते गोल फिरून, पण बोटं कुणाची वाकडी होत नाहीत ती याच कारणाने.

सीओटू असा धाडकन खाली आला की दोन-तीन गोष्टी होतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, सीओटू १ मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारं रक्त अंदाजे ३ टक्क्यांनी कमी होतं, म्हणून डोकं हलकं वाटतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटायला लागतं. दुसरं म्हणजे रक्त अल्कलीकडे गेल्यामुळे रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना जाऊन चिकटतं, कॅल्शियमचा रिपोर्ट काढला तर एकूण आकडा नॉर्मलच दिसेल पण मोकळं कॅल्शियम घटलेलं असतं, नसा त्यामुळे चळतात आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, अंगठा तळव्यात वळतो, बाकीची बोटं एकमेकांना चिकटून ताठ होतात. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी हेच आहे. आणि ते बघून पोरगी आणखी घाबरते, आणखी जोरात श्वास घेते, सीओटू आणखी खाली. श्वास "पूर्ण आत जात नाही" असं वाटतं त्याचं एक कारण म्हणजे छाती आधीच फुगलेली असते, तिच्यात आणखी भरायला जागाच नसते.

ऑक्सिमीटरचं म्हणाल तर तो खोटं बोलला नाही, त्याला तुम्ही विचारलं त्याचंच त्याने उत्तर दिलं. आपलं हिमोग्लोबिन शांत बसलेलं असतानाच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं, काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी ओतलं तर ते सांडणारच, तसं जोरात श्वास घेऊन त्यात एक-दोन टक्के फार तर वाढतील. सीओटू ते यंत्र दाखवतच नाही. कोविडपासून घराघरात तो आलाय आणि लोकांना वाटतं त्यावर आकडा चांगला म्हणजे श्वासाचं सगळं चांगलं, तर तसं नाहीये, आणि याची दुसरी बाजू खालच्या प्रश्नात आहे ती जास्त गंभीर आहे.

पिशवीबद्दल. काकींचा विचार अगदीच निराधार नाही, सोडलेला सीओटू परत आत घ्यायचा अशी त्यामागची कल्पना आहे आणि पूर्वी डॉक्टरही कागदी पिशवी द्यायचे. आता देत नाही, कारण पिशवीत ऑक्सिजनही कमी होत जातो, आणि समोरच्याला जर दमा असेल, हार्ट अटॅक असेल, फुप्फुसात गुठळी असेल तर जीव जातो, गेलेलेही आहेत. प्लास्टिकची तर नकोच नको.

त्याऐवजी तिच्यासमोर बसा, तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायला सांगा, एक हात पोटावर, आत घेताना मनात चारपर्यंत मोजायचं आणि सोडताना सात-आठपर्यंत. "खोल श्वास घे, खोल श्वास घे" असं आपण सवयीने म्हणतो ना, ते नका म्हणू, खोल नाही, सावकाश. मोजणं जमत नसेल तर काहीतरी मोठ्याने म्हणायला लावा, रामरक्षा म्हणा, पाढे म्हणा, गाणं म्हणा, बोलताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि मध्ये धापा टाकायला वेळच मिळत नाही. मुंग्या काही मिनिटांत ओसरतात, बोटं सुटतात.

मात्र प्रत्येक धाप टेन्शनची नसते. छातीत दुखणं, घरघर, ताप, एकाच पायाला सूज, किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली असेल तर घरी रामरक्षा म्हणत बसू नका, सरळ दवाखाना. आणि एक गोष्ट विशेष सांगतो कारण ती तिच्याच वयात होते आणि चुकते. डायबेटिस नव्याने झालेल्या मुलांमध्ये रक्तात आम्ल साठतं आणि ते भरून काढायला शरीर मुद्दाम खोल, जोरात श्वास घेऊन सीओटू बाहेर टाकतं, दिसायला ते घाबरल्यासारखंच दिसतं. तहान फार लागणं, सारखं लघवीला जाणं, वजन उतरणं असं काही असेल तर बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघा. तिला असं काही असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही, पण एकदा साखर बघून टाका. आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर समुपदेशकाकडे न्यायला लाजू नका.

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे, पूर्वी खाणीवर टिपर चालवायचे, बिड्या खूप. सीओपीडी (फुप्फुसातल्या नळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, मिनिटाला २ लिटरवर ठेवायला सांगितलेलं. त्या रात्री सॅच्युरेशन ८९ दाखवत होतं म्हणून मी घाबरून ५ वर केलं, ९७ झालं तेव्हा कुठे मला झोप लागली. सकाळी बाबा उठेनात, हाक मारली तर नुसतं हं हं करत होते. १०८ बोलावली. हॉस्पिटलात मनगटातून रक्त काढलं, रिपोर्टवर पीएच ७.२५, पीसीओटू ७८, बायकार्ब ३३ असं लिहिलंय. मास्कचं मशीन लावल्यावर दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले ऑक्सिजन जास्त झाला. ऑक्सिजन देऊन माणूस बेशुद्ध कसा होतो? घरात सगळे मला बोलतात. (एक मुलगा, सांगे)

उत्तर : दादा, घरच्यांना हे वाचायला द्या. ८९ दिसल्यावर कुठलाही मुलगा हेच करेल, मशीन घरी देताना "८८ ते ९२ च्या मध्ये ठेवा, ९७ करायला जाऊ नका" हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं, आणि ते भिंतीवर मशीनच्या वर चिकटवायला हवं होतं.

आधी रिपोर्ट वाचू कारण तो बरंच सांगतो. पीसीओटू म्हणजे रक्तातल्या सीओटूचा दाब, तो ७८ म्हणजे नॉर्मलच्या जवळजवळ दुप्पट. पीएच ७.२५ म्हणजे रक्त आम्ल झालंय. पण बायकार्ब, म्हणजे रक्तातलं आम्ल मारणारा क्षार, तो ३३ बघा, नॉर्मल २४ च्या आसपास असतं. सीओटू एका रात्रीत ४० वरून ७८ झाला असता तर बायकार्ब २८ च्या आसपासच राहिलं असतं, कारण बायकार्ब साठवून आम्ल मारायचं काम मूत्रपिंडं करतात आणि त्यांना दोन-चार दिवस लागतात. ३३ आहे याचा अर्थ बाबांचा सीओटू आधीपासूनच वाढलेला होता, ५५-६० तरी असेल, आणि शरीर ते सांभाळून घेत होतं. त्या रात्री वरचा भार पडला. म्हणजे आजार त्या रात्री तुम्ही दिलेला नाही.

सीओटू मुळात साठतो का? आपण एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो, त्यातली १५० नुसती घसा आणि नळ्यांमध्येच राहते, रक्ताला तिचा उपयोग नाही. मिनिटाला १२ श्वास घेतले तर ६ लिटर हवा आत गेली, त्यातली ४.२ लिटर कामाची. आता बाबांसारखा दमलेला माणूस उथळ श्वास घेतो, समजा २५० मिलिलिटरचे २४ श्वास, एकूण तेच ६ लिटर, पण दर वेळी १५० वाया, म्हणजे कामाची हवा फक्त २.४ लिटर! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं किती भराभर श्वास घेतायत, आणि आत सीओटू साठत चाललेला असतो. सीओपीडीत वाया जाणारा भाग १५० पेक्षाही जास्त असतो, आणखी वाईट.

त्यात जादा ऑक्सिजन दिला की काय होतं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीराने शहाणपणाने आवळून ठेवलेल्या असतात, रक्त चांगल्या भागाकडे वळवायला. भरपूर ऑक्सिजन मिळाला की त्या सैल पडतात, रक्त पुन्हा हवा नसलेल्या भागात जातं आणि सीओटू न टाकताच परत येतं. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की त्याने धरून ठेवलेला सीओटू ते सोडून देतं, तो रक्तात मोकळा होतो. आणि थोडा भाग असा की अशा पेशंटच्या मेंदूला वाढलेल्या सीओटूची सवय झालेली असते, मग कमी ऑक्सिजन हाच श्वास घ्यायला लावणारा मोठा इशारा उरतो, तो आपण काढून घेतो. बऱ्याच ठिकाणी फक्त हे शेवटचं कारण सांगतात, पण पहिली दोन जास्त महत्त्वाची. सीओटू खूप चढला की तो गुंगीच्या औषधासारखा वागतो, श्वास आणखी मंदावतो. आणि ऑक्सिमीटर तेव्हा ९७ दाखवत असतो.

यापुढे लक्ष ठेवायच्या गोष्टी: सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा बोलता बोलता पेंगणं, असंबद्ध बोलणं, हात गरम आणि लालसर, आणि दोन्ही हात पुढे करून पंजे वर ताणून धरायला सांगितले की पंजे फडफडल्यासारखे मध्येच खाली पडणं. यातलं काही दिसलं तर मशीन वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका, बंद केलं तर ऑक्सिजन धोक्याच्या खाली जातो, सांगितलेल्या आकड्यावर ठेवा आणि १०८ लावा. आलेल्या माणसाला पहिल्यांदा "सीओपीडी आहे, सीओटू साठतो" हे सांगा. झोपेच्या गोळ्या आणि कफाची गुंगी आणणारी औषधं विचारल्याशिवाय नाहीत. ते मास्कचं मशीन म्हणजे बायपॅप, प्रत्येक श्वासाला हवा आत ढकलून श्वास मोठा करतं म्हणून सीओटू उतरला, रात्री घरी लावायची गरज आहे का ते तुमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश उच्छ्वास सोडायचा, हे रोज करून घ्या, नळ्या लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर यायला वेळ मिळतो.

बिडी अजून चालू असेल तर ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ती पेटवणं म्हणजे घराला आग, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आम्ही मित्र समुद्रातल्या खडपांवर (खडकांवर) शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) काढायला बुडी मारतो. एका मित्राने यूट्यूबवर बघितलं की बुडायच्या आधी वीस-तीस वेळा जोरात श्वास घेतला की जास्त वेळ खाली राहता येतं. मी करून बघितलं, खरंच जास्त वेळ राहता येतं. बरोबर ना ही पद्धत? (वय २१, शिवोली)

उत्तर : नाही रे बाबा, थांब. आधी वरचं पहिलं उत्तर वाच, मग हे.

जास्त वेळ राहता येतं हे खरं आहे आणि भानगड तीच आहे. तुला वाटतं तू ऑक्सिजन भरून घेतलास, तो आधीच भरलेला होता. तू केलंस एवढंच की सीओटू ४० वरून २५ वर आणलास. पाण्याखाली "आता वर जायलाच पाहिजे" असं जे छातीतून ढकलल्यासारखं होतं ना, ते ऑक्सिजन संपल्याने होत नाही, सीओटू ५० च्या वर चढायला लागला की होतं. तू त्याला २५ पासून चढायला लावलंस, म्हणून ती ढकल उशिरा येते. ऑक्सिजन मात्र नेहमीच्याच वेगाने संपत राहतो, उलट हात चालवून तू शिनाणे खरवडतोस म्हणजे जास्तच वेगाने. मग असं होतं की ढकल यायच्या आधीच ऑक्सिजन मेंदूला न पुरण्याइतका खाली जातो आणि माणूस बेशुद्ध होतो, काहीही न कळता, हातपाय न मारता. बरोबरच्यांना वाटतं अजून खालीच आहे, आज चांगला टिकलाय.

आणखी एक. खोल पाण्यात दाबामुळे फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात जात राहतो, १० मीटरवर दाब दुप्पट असतो. वर यायला लागलास की दाब उतरतो आणि ऑक्सिजन एकदम कोसळतो, म्हणून शुद्ध जाते ती बऱ्याचदा वर येताना, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये. कमी पाण्यातही होतं, स्विमिंग पूलमध्येसुद्धा चांगले पोहणारे असे गेलेत, नवशिके कमी, कारण नवशिका घाबरून लवकर वर येतो.

तेव्हा बुडायच्या आधी दोन-तीन साधे श्वास, बस. ढकल आली की वर यायचं, ती दाबून ठेवायची नाही. एक खाली तर एक वर, आणि वरच्याने खालच्यावरच नजर ठेवायची, मोबाइलवर नाही. वर आल्यावर जितका वेळ खाली होतास त्याच्या निदान दुप्पट वेळ वर थांब. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात पण तुम्ही जाता त्या खडपांकडे बहुतेक नसतात. बेशुद्ध मित्राला बाहेर काढलं आणि श्वास चालू नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि दुसऱ्याने तोवर १०८ लावायची. हे सगळ्यांनी एकदा शिकून घ्या, आणि ते यूट्यूबवालं त्या मित्राला पण सांग.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, रोज पहाटे कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक करतो. आमच्या वर्गात सांगतात की याने रक्तातला ऑक्सिजन वाढतो आणि विषारी कार्बन डायऑक्साइड निघून जातो. हे शास्त्रीय आहे का? (फोंडा)

उत्तर : सर, प्राणायाम करा, बरं वाटतं ते खरंच आहे, पण कारण दिलंय ते चुकीचं आहे. ऑक्सिजन वाढायला जागा नसते हे वर आलंच. रक्तात नेहमी असतो तेवढा सीओटू विषारीही नाही, तो कमी झाला तर काय होतं ते म्हापशाच्या मुलीच्या बोटांवरून दिसलंच असेल. भस्त्रिकेत श्वास मोठा आणि वेगाने असतो, त्यात सीओटू बऱ्यापैकी उतरतो, नंतर जे हलकं हलकं वाटतं त्यातला काही भाग म्हणजे मेंदूकडे रक्त थोडं कमी गेलेलं असतं, त्याला लोक दिव्य अनुभूती म्हणतात तर म्हणोत. कपालभातीत झटके भराभर असले तरी प्रत्येक झटक्यात हवा थोडीच हलते आणि तिच्यातली बरीचशी वर सांगितलेल्या त्या वाया जाणाऱ्या १५० मध्येच येते-जाते, म्हणून सीओटू किती उतरेल हे करणाऱ्यावर आहे. कुंभकात उलटं, श्वास रोखला की सीओटू वाढतो.

मला विचाराल तर या सगळ्यात मिनिटाला सहाच्या आसपास सावकाश श्वास घेण्याचा प्रकार सगळ्यात चांगला, श्वास कमी पण मोठे असल्यामुळे सीओटू जागेवर राहतो आणि नाडी, रक्तदाब शांत होतात. मिरगी असलेल्यांनी भस्त्रिका करू नये, मेंदूचा आलेख काढताना टेक्निशियन पेशंटला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो तो झटक्याची खूण दिसावी म्हणूनच, मग घरी कशाला. ब्लडप्रेशर जास्त असलेल्यांनी आणि हृदयरोग्यांनी लांब कुंभक टाळावा. वर्गात कुणी गरोदर असेल तर तिलाही जोरात काही करायला लावू नका, गरोदरपणात सीओटू आधीच ३० च्या आसपास असतो, तो शरीरानेच ठरवून खाली आणलेला असतो.

प्रश्न : पणजीत आमच्या ऑफिसात मीटर बसवलाय, दुपारी कार्बन डायऑक्साइड १५०० पीपीएम दाखवतो. पावसात खिडक्या बंद, स्प्लिट एसी दिवसभर चालू. रक्तातला पण वाढत असेल का? सगळे पेंगतात. (पर्वरी)

उत्तर : रक्तातला जवळजवळ नाही. १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्का, दाबाच्या हिशोबात सुमारे १ मिलिमीटर, आणि तुमच्या रक्तात ४० आहे. श्वास किंचित वाढतो आणि तेवढा सहज बाहेर टाकला जातो, तुम्हाला कळतही नाही. पण बाहेरच्या हवेत सव्वाचारशेच्या आसपास असतं, म्हणजे खोलीत एकमेकांनी सोडलेली हवाच फिरतेय हे त्या मीटरवरून कळतं, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच थंड करून फिरवतो. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना का होते ते त्यात आलं. एक्झॉस्ट लावा, नाहीतर दर तासाला पाच-दहा मिनिटं दार-खिडकी उघडा. पेंगण्यात कोंदटपणाचा वाटा असेलही, पण शीत-कढी पोटभर झाल्यावर दोन वाजता कोण पेंगत नाही!

प्रश्न : उन्हाळ्यात विहीर उपसायला माणूस उतरवायच्या आधी आमचे आजोबा कंदील सोडायचे. तो विझला तर उतरायचं नाही. आजही चालेल का ही पद्धत? (काणकोण)

उत्तर : आजोबांचं अर्धं बरोबर. सीओटू हवेपेक्षा जड, कुजलेला पाला आणि गाळ यातून निघून तो तळाला साचतो आणि तिथला ऑक्सिजनही कमी झालेला असतो, कंदील विझला तर उतरायचं नाहीच. पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असं नाही, गाळ ढवळल्यावर निघणारा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू दिव्याला कळत नाही आणि जास्त झाला की नाकालाही कळेनासा होतो. हवेत सीओटू १० टक्क्यांच्या घरात गेला तर माणूस मिनिटभरात नाहीतर दोन-चार मिनिटांत पडतो, कितीही जोरात श्वास घेतला तरी उपयोग नाही कारण आत येतो तो तोच वायू. काजूच्या हंगामात रस आंबताना जे बुडबुडे येतात तेही सीओटूचेच, पण ती भांडी उघड्यावर असतात म्हणून कुणाला काही होत नाही, विहिरीत वारा नाही.

आधी पंप लावून पाणी काढा, ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर ओढणारे दोन तरी धडधाकट माणसं. एक जण आत पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी मारायची नाही, भाऊ असला तरी नाही, अशा घटनांत एकापाठोपाठ दोघं-तिघं जातात ते असेच. दोराने वर ओढा, ओढता येत नसेल तर १०१ ला फोन करून अग्निशामक दलाची वाट बघा, त्यांच्याकडे पाठीवर हवेची नळकांडी असतात.